वेटरनं सांगितलेली गोष्ट : कॉर्सिका, उन्हाळा १९४८

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल तर जरा आवाज वाढवा, स्वयंपाकघरात असाल तर कुकरची शिट्टी होऊ द्या, मग सुरू करू.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एक नवरा-बायको एका बेटावर फिरायला गेले. यात सांगण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. चार दिवस समुद्र, चार दिवस डोंगर, थोडे फोटो आणि परत घरी. पण आजच्या गोष्टीतली सुट्टी अशी संपलीच नाही. नवरा परत गेला. बायको पुढे त्याच बेटावर राहायला आली, आणि २००२ साली, वयाच्या ९१व्या वर्षी, तिथेच वारली. दरम्यान त्या बेटाचा इतिहास जगाला नव्यानं वाचावा लागला.

तिचं नाव डोरोथी कॅरिंग्टन. बेट कॉर्सिका. आणि या सगळ्याची सुरुवात झाली लंडनमधल्या एका वेटरपासून.

लंडन, रेशनकार्ड आणि एक वेटर

आधी जोडप्याची ओळख करून घेऊ. डोरोथी १९१० साली इंग्लंडमध्ये जन्मली. वडील ब्रिटिश सैन्यात जनरल, आफ्रिकेतल्या वसाहतींच्या लढायांत नाव कमावलेले. म्हणजे घराणं मोठं. पण पोरगी चाकोरीत बसणारी नव्हती. आधीची दोन लग्नं झालेली. तिसरं लग्न दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, चित्रकार सर फ्रान्सिस रोझ यांच्याशी. हे फ्रान्सिस म्हणजे नावामागे 'सर' असलेले, पॅरिसच्या कलावर्तुळात वावरलेले, पैसा हातात न टिकणारे गृहस्थ. लेखिका गर्ट्रूड स्टाइन त्यांची चित्रं आवडीनं विकत घ्यायच्या, यावरून त्यांची ऊठबस कुठे होती ते कळेल.

आता १९४८चं लंडन डोळ्यांसमोर आणा. युद्ध संपून तीन वर्षं झालीत, पण रेशनकार्ड सुटलेलं नाही. ते पूर्ण सुटायला १९५४ उजाडलं. परदेशी जायचं तर सोबत किती पैसे न्यायचे यावर सरकारची मर्यादा. अशा वेळी या जोडप्याला जाँ सेझारी नावाचा एक माणूस भेटला. मूळचा कॉर्सिकाचा, लंडनमध्ये वेटरचं काम करणारा. त्यानं आपल्या बेटाबद्दल सांगितलं, आणि बोलता बोलता एक विचित्र गोष्ट सांगितली. आमच्या एका नातेवाइकाच्या जमिनीवर दगडाची माणसं आहेत, म्हणाला. जुनी. खूप जुनी.

मंडळी, इथे थांबून एक विचार करा. टेबलावर प्लेट ठेवणारा माणूस तुम्हाला असं काही सांगतो. तुम्ही काय कराल? 'अरे वा' म्हणाल आणि बिल मागवाल. आपल्यापैकी बहुतेक जण हेच करतील. डोरोथी आणि फ्रान्सिस यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि १९४८च्या उन्हाळ्यात कॉर्सिका गाठलं.

जिथे उन्हाळा म्हणजे सुट्टी नव्हती

कॉर्सिका नकाशात शोधा. इटलीच्या पश्चिमेला, सार्डिनियाच्या डोक्यावर, उत्तरेकडे बोट दाखवणाऱ्या मुठीसारखं बेट. क्षेत्रफळ साधारण ८,७०० चौरस किलोमीटर. सगळ्यात उंच शिखर मोंते चिंतो, २,७०६ मीटर. म्हणजे समुद्रातून थेट वर आलेला डोंगरच. पश्चिमेकडे ग्रॅनाइटचे कडे समुद्रात उतरतात, आणि उतारांवर दाट काटेरी झुडपांचं रान. त्याला तिथे 'माकिया' म्हणतात. फ्रेंचमध्ये त्याचंच 'माकी' झालं, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध रानात लपून लढणाऱ्या फ्रेंच बंडखोरांना हेच नाव पडलं.

आज इथे लाखो पर्यटक उन्हाळ्यात समुद्रात डुंबायला येतात. पण शेकडो वर्षं कॉर्सिकन माणसासाठी उन्हाळा आणि समुद्रकिनारा ही जोडी भीतीची होती. कारण मलेरिया. किनाऱ्यालगतच्या सखल भागात, दलदलीत डास माजायचे, आणि उन्हं तापली की माणसं गुरं-मेंढ्या घेऊन डोंगरातल्या गावात चढायची. गावं उंचावर असण्याचं आणखी एक कारण म्हणजे समुद्रातून येणारे चाचे. किनाऱ्यावर आजही जिनोआच्या राजवटीतले गोल बुरूज दिसतात, ते पहाऱ्यासाठी आणि इशाऱ्याची आग पेटवण्यासाठी बांधलेले.

१९४३ साली कॉर्सिका मुक्त झालं आणि अमेरिकन सैन्यानं इथे विमानतळ उभारले. आपल्या सैनिकांना हिवताप होऊ नये म्हणून त्यांनी डीडीटीची फवारणी सुरू केली. त्यातून मलेरिया हटायला लागला. म्हणजे डोरोथी आणि फ्रान्सिस पोचले तेव्हा किनारा नुकताच राहण्याजोगा होऊ लागला होता. पण माणसंच कमी झाली होती. पहिल्या महायुद्धात गावंच्या गावं तरुणांना मुकलेली, उरलेले नोकरीसाठी फ्रान्समध्ये आणि फ्रेंच वसाहतींत गेलेले. लंडनला वेटर झालेला आपला जाँ हा त्याच लाटेतला एक.

सोलाकारो : तीन पाहुणे, जे जवळून गेले

जाँ सेझारीनं सांगितलेली जागा बेटाच्या दक्षिणेला, तारावो नदीच्या खोऱ्यात होती. नाव फिलितोझा. हे सोलाकारो गावाच्या हद्दीत येतं. आता या गावाची गंमत ऐका.

१७६५ साली जेम्स बॉस्वेल नावाचा २४ वर्षांचा स्कॉटिश तरुण कॉर्सिकाचा नेता पास्क्वाले पाओली याला भेटायला इतक्या लांब आला. भेट झाली ती सोलाकारोलाच. बॉस्वेलनं त्यावर पुस्तक लिहिलं आणि पाओलीचं नाव युरोपभर झालं.

१८३९ साली फ्रान्सच्या ऐतिहासिक वास्तूंचा महानिरीक्षक कॉर्सिकाला आला. नाव प्रोस्पेर मेरिमे. हाच तो 'कार्मेन'वाला लेखक. त्याचं सरकारी कामच मुळी प्राचीन अवशेष शोधून नोंदवणं. त्यानं बेटावरचे काही उभे दगड पाहिले, मानवी आकाराचा एक पुतळाही नोंदवला.

आणि १८४४ साली अलेक्झांडर ड्यूमानं 'कॉर्सिकन ब्रदर्स' ही सूडकथा लिहिली, ती घडते कुठे? सोलाकारोमध्ये.

एक चरित्रकार, एक पुरातत्त्वाचा अधिकारी, एक कादंबरीकार. तिघांच्या लिखाणात कॉर्सिका आहे, दोघांच्या लिखाणात तर हेच गाव आहे. आणि काही किलोमीटरवर गवतात पडलेली फिलितोझाची दगडी माणसं मात्र कुणाच्याच पुस्तकात नाहीत.

गवतातले चेहरे

फिलितोझाची ती जमीन शार्ल-आंत्वान सेझारी यांची. आपल्या रानात पडलेले हे दगड साधे नाहीत हे त्यांनी १९४६ साली ओळखलं होतं. १९४८ साली या इंग्रज जोडप्यानं ते पाहिले.

काय होतं तिथे? ग्रॅनाइटचे उभट दगड, काही माणसाच्या उंचीचे, काही त्याहून उंच. त्यांवर कोरलेले चेहरे. डोळ्यांच्या खोबणी, सरळ नाक, घट्ट मिटलेलं तोंड. काहींच्या अंगावर शस्त्रं. आज ज्याला फिलितोझा-५ म्हणतात त्या दगडावर लांब तलवार आणि खंजीर स्पष्ट कोरलेले आहेत. आपल्याकडच्या गावाबाहेरच्या वीरगळावर पट्ट्या पट्ट्यांत युद्धाची गोष्ट असते. इथे गोष्ट नाही, नुसता एकेक माणूस आहे, समोर बघणारा. आणि वय? तीन ते साडेतीन हजार वर्षं. रोम हे शहर वसण्याच्याही आधीचे.

आता एक शब्द जपून वापरायचाय. तो म्हणजे 'शोध'. अनेक ठिकाणी तुम्हाला वाचायला मिळेल की डोरोथी कॅरिंग्टननं फिलितोझा 'शोधलं'. मला हे पटत नाही. दगड हरवले नव्हतेच. ज्यांची जमीन त्यांना ते माहीत होते. जाँला माहीत होते, म्हणून तर त्यानं लंडनमध्ये सांगितलं. डोरोथीचं श्रेय वेगळं आहे आणि माझ्या मते ते जास्त मोठं आहे. तिनं सांगणाऱ्याचं ऐकलं, जाऊन पाहिलं, आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगाला लिहून कळवलं, तेही सेझारी मंडळींचं नाव न गाळता. जाँ सेझारीचं नाव आज आपल्याला माहीत आहे ते तिच्याच पुस्तकामुळे. इतिहासाच्या पुस्तकात वेटरचं नाव येणं ही काही रोजची गोष्ट नाही.

हेर, तलवारी आणि एक चुकलेला अंदाज

१९५४च्या सुमारास फिलितोझाला शास्त्रशुद्ध उत्खनन करणारा माणूस आला. रॉजे ग्रोजाँ. या माणसावर वेगळा एपिसोड होईल. फ्रेंच हवाई दलाचा वैमानिक, महायुद्धात जर्मनांचा हेर म्हणून इंग्लंडला पोचला आणि प्रत्यक्षात ब्रिटिशांसाठी काम केलं. ब्रिटिश गुप्तहेर खात्यात त्याचं सांकेतिक नाव होतं 'फिडो'. युद्धानंतर गडी पुरातत्त्वाकडे वळला.

ग्रोजाँला फिलितोझात एक चमत्कारिक गोष्ट दिसली. टेकडीवरच्या मधल्या दगडी वास्तूच्या भिंतीत पुतळ्यांचे तुकडे वापरले होते. म्हणजे कुणीतरी पुतळे फोडले आणि बांधकामात घातले. कुणी? ग्रोजाँनं इजिप्तकडे बघितलं. तिथे मेदिनेत हाबूच्या देवळात तिसऱ्या रामसेसच्या समुद्री शत्रूंची चित्रं कोरलेली आहेत, आणि त्यात शिंगांचं शिरस्त्राण घातलेले, तलवारी घेतलेले योद्धे आहेत. त्यांना शार्दाना म्हणतात. कॉर्सिकातल्या काही पुतळ्यांच्या डोक्यावर खोबणी आहेत, जणू तिथे शिंगं बसवलेली असावीत. ग्रोजाँनं सांधा जुळवला. शार्दाना समुद्रातून आले, स्थानिकांनी आपल्या शत्रूंचे पुतळे कोरले, शेवटी शत्रू जिंकले आणि त्यांनी पुतळे फोडून आपले बुरूज बांधले.

गोष्ट जबरदस्त आहे, वेब सिरीज होईल अशी. पण पुढच्या पिढीच्या पुरातत्त्वज्ञांनी ती तशीच्या तशी मान्य केली नाही. बुरूज बांधणारे बाहेरून आले असं मानायची गरज नाही, कॉर्सिकाचा स्थानिक समाजच हळूहळू बदलत गेला, असं आता साधारण मानतात. तरी ग्रोजाँच्या खोदकामामुळेच दगड वाचले, नीट उभे राहिले, नोंदले गेले. अंदाज चुकला तरी काम वाया जात नाही, हे इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतं.

सुट्टी संपली, ती संपली नाही

इकडे डोरोथीचं काय? ती परत परत येत राहिली, आणि १९५४ साली आजाक्सिओ शहरात, म्हणजे नेपोलियनच्या जन्मगावी, राहायलाच आली.

तिनं काय केलं? मुख्यतः ऐकलं. गावोगाव जाऊन म्हाताऱ्या बायका, मेंढपाळ, पाद्री यांच्याशी बोलली. दृष्ट काढण्याची तिथली पद्धत तिनं नोंदवली. ताटलीत पाणी, त्यात तेलाचे थेंब, ते कसे पसरतात त्यावरून दृष्ट लागली का ते ओळखायचं, आणि मंत्रासारखी प्रार्थना म्हणायची. ही प्रार्थना दुसऱ्याला शिकवायची ती फक्त ख्रिसमसच्या आदल्या रात्री. मीठ-मोहऱ्या ओवाळलेल्या माणसाला हे ऐकून हसू येणार नाही, आपलंच काहीतरी वाटेल.

आणि 'मात्सेरी'. हे स्वप्नातले शिकारी. बाई असो वा पुरुष, ज्याला हे बोलावणं आलं तो स्वप्नात रात्री रानात शिकारीला जातो. जनावर मारतो. मेलेल्या जनावराचं तोंड बघतो तर त्यात गावातल्या कुणाचा तरी चेहरा दिसतो. तो माणूस वर्षाच्या आत मरणार. मात्सेरी कुणाचं वाईट चिंतत नाही, त्याला स्वप्न टाळता येत नाही, आणि ज्यांना त्यानं मारलं ते त्याचेच शेजारी, कधी त्याचेच नातेवाईक. डोरोथीनं अशा माणसांना भेटून, त्यांची टर न उडवता, लिहून ठेवलं. १९९५ साली त्यावर पुस्तक आलं, 'ड्रीम हंटर्स ऑफ कॉर्सिका'. ती लिहिती झाली तेव्हा ही परंपरा मावळायला लागली होती. अजून पन्नास वर्षांनी कुणी गेलं असतं, तर विचारायला माणूस उरला नसता.

अमेरिकेच्या ३२ वर्षं आधी

आता तिचं आणखी एक काम, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

शाळेत आपण शिकतो की आधुनिक लिखित राज्यघटनांची सुरुवात अमेरिकेपासून, १७८७. मग फ्रेंच राज्यक्रांती, १७८९. पण १७५५ साली, म्हणजे अमेरिकेच्या ३२ वर्षं आधी, कॉर्सिकात एक घटना लिहिली गेली होती. लिहिणारा पास्क्वाले पाओली, वय वर्षं ३०. बेटावर जिनोआची सत्ता होती आणि कॉर्सिकन त्याविरुद्ध लढत होते. पाओलीनं डोंगरातल्या कोर्ते गावात राजधानी केली. लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींची सभा, लिखित कायदे, स्वतःची नाणी, १७६५ साली विद्यापीठ. सूडापायी खून केला तर सरळ मृत्युदंड, कारण घराण्याघराण्यांच्या सूडानं बेट पोखरलं होतं.

पाओलीला सगळे थोर देशभक्त मानत होते, पण त्याच्या घटनेकडे फारसं कुणी लक्ष दिलं नव्हतं. मोठ्या विचारवंतांनी देशाला घटना द्यायची असते, डोंगरातल्या मेंढपाळांनी नाही, असा एक समज होता. डोरोथीनं दफ्तरखान्यांत बसून मूळ कागदांवर काम केलं आणि १९७३ साली 'इंग्लिश हिस्टॉरिकल रिव्ह्यू' या नावाजलेल्या नियतकालिकात या घटनेवर लेख लिहिला. तिनं दाखवलं की कॉर्सिकाची जनता स्वतःच स्वतःची मालक आहे, हा विचार तिथे तेव्हाच कागदावर उतरला होता.

हे राज्य फार टिकलं नाही. १७६८ साली जिनोआनं बेट फ्रान्सच्या हवाली केलं. ८ मे १७६९ रोजी पोंते नोवूच्या पुलाजवळ पाओलीचं सैन्य हरलं. पाओली इंग्लंडला गेला. त्याच्या बाजूनं असलेल्या कार्लो बुओनापार्तेची बायको लेतिझिया तेव्हा गरोदर होती. तीन महिन्यांनी, १५ ऑगस्टला, आजाक्सिओत मुलगा झाला. त्याचं नाव नेपोलियन. लोकांचं राज्य हरलं त्याच वर्षी, त्याच बेटावर, पुढे सम्राट होणारा मुलगा जन्मला. जगानं सम्राटाचा पुतळा लक्षात ठेवला आणि घटना विसरलं. गवतात पडलेले दगड आणि दफ्तरात पडलेले कागद, दोन्हींचं नशीब सारखंच होतं.

मग त्या जोडप्याचं काय झालं?

हा प्रश्न तुमच्या मनात असणार. लग्न टिकलं नाही. फ्रान्सिस रोझ यांचं जग लंडन-पॅरिसचं, पार्ट्यांचं आणि चित्रांचं. डोरोथीला ते बेट सुटेना. दोघं वेगळे झाले. फ्रान्सिस १९७९ साली वारले. डोरोथी आजाक्सिओत फार पैसा नसतानाही लिहीत राहिली. तिचं मुख्य पुस्तक 'ग्रॅनाइट आयलंड' १९७१ साली आलं, म्हणजे त्या पहिल्या उन्हाळ्यानंतर २३ वर्षांनी. विचार करा, आपण ट्रिपहून येताना गाडीतच रील टाकतो. तिनं २३ वर्षं घेतली.

याची किंमत तिनं मोजली. देश सुटला, संसार सुटला, मिळकतीची खात्री कधीच नव्हती. तिनं निवडलं ते बरोबर की चूक, हे मी ठरवणार नाही. पण जे कॉर्सिकन लोक बाहेरच्यांवर सहज विश्वास टाकत नाहीत म्हणतात, त्यांच्या विद्यापीठानं तिला मानद डॉक्टरेट दिली. हे तेच कोर्तेचं विद्यापीठ, जे पाओलीनं काढलं, पराभवानंतर बंद पडलं आणि १९८१ साली पुन्हा सुरू झालं.

तर मंडळी, या उन्हाळ्यात कुठे जाणार असाल तर जरूर जा. समुद्र बघा, फोटो काढा. पण चहाच्या टपरीवाल्यानं, रिक्षावाल्यानं, खानावळीतल्या मावशींनी सांगितलं की "आमच्या रानात एक जुना दगड आहे," तर 'अरे वा' म्हणून विषय बदलू नका. जाऊन बघा. त्यांना अजून दोन प्रश्न विचारा. आणि कुठे लिहिलंत, तर सांगणाऱ्याचं नाव आधी लिहा.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि हो, घरातल्या आजी-आजोबांचंही ऐका!